कोळशाला हवा किती, हे आधी कागदावर ठरवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंधनबचतीबद्दल छापून येणाऱ्या मजकुरात भट्टीची बनावट, पंख्याची ताकद, चिमणीची उंची यांची चर्चा भरपूर असते. एक किलो इंधनाला हवा नेमकी किती लागते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ‘कोळशाच्या दसपट हवा’ हा ठोकताळा राख आणि ओल कमी असलेल्या कोळशाला ठीक आहे. बाकीच्या इंधनांना तो लावला की पैसा चिमणीतून जातो. म्हणून हे पत्र.

हिशेब अवघड नाही. एक किलो कार्बनला २.६७ किलो, हायड्रोजनला ८ किलो आणि गंधकाला १ किलो ऑक्सिजन लागतो. इंधनातच असलेला ऑक्सिजन यातून वजा करायचा आणि उत्तराला ०.२३२ ने भागायचे, कारण वजनाने हवेत तेवढाच ऑक्सिजन असतो. समजा कोळशात कार्बन ५० टक्के, हायड्रोजन ३, ऑक्सिजन ८, नायट्रोजन १, गंधक ०.५, ओल १० आणि राख २७.५ टक्के आहे. ऑक्सिजनची गरज १.५ किलो निघते, म्हणजे हवा ६.४६ किलो. शून्य अंश तापमानाला तिचे आकारमान ५ घनमीटर भरते.

एवढ्याच हवेत घन इंधन पुरते जळत नाही, जादा हवा द्यावीच लागते. ती किती गेली हे धूरवायूतील ऑक्सिजन सांगतो: ऑक्सिजनच्या टक्क्यांना २१ उणे तेच टक्के, या संख्येने भागा. ६ टक्के दिसले तर जादा हवा ४० टक्के, १० टक्के दिसले तर ९१ टक्के. तासाला ५०० किलो कोळसा ४० टक्के जादा हवेत जाळायचा, तर ३० अंश तापमानाची सुमारे ३,९०० घनमीटर हवा आत घालावी लागते आणि २०० अंशांचा सुमारे ६,४०० घनमीटर धूर बाहेर ओढावा लागतो. पंखे या आकड्यांवरून निवडावेत. आधी पंखा आणून मग डँपरने, म्हणजे हवेच्या वाटेतल्या झडपेने, त्याचा गळा आवळणे हा वीज जाळण्याचा प्रकार आहे.

या कोळशाचे स्थूल उष्मांक मूल्य (धुरातल्या वाफेत अडकणारी उष्णताही धरून) घटकांवरून किलोमागे सुमारे ४,७४० किलोकॅलरी येते. धूर २०० अंशांवर आणि भोवतालची हवा ३० अंशांवर असताना ऑक्सिजन ६ टक्के असेल, तर कोरड्या धुरातून ८ टक्के उष्णता जाते. १० टक्के असेल तर ११ टक्के. पण म्हणून हवा आवळत नेली की दुसरीकडून मार बसतो. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला तर किलोमागे सुमारे ८,०८० किलोकॅलरी मिळतात, कार्बन मोनॉक्साइडवर थांबला तर जेमतेम २,४००. धुरात डायऑक्साइड १३ टक्के आणि मोनॉक्साइड अवघा अर्धा टक्का असला तरी या कोळशाची २ टक्क्यांहून जास्त उष्णता गेलेली असते. डँपर थोडा हलवावा, जाळीवरचा इंधनाचा थर स्थिरावू द्यावा, मग ऑक्सिजन आणि मोनॉक्साइड दोन्ही मोजावेत. ऑक्सिजनही जास्त आणि मोनॉक्साइडही जास्त असे एकाच वेळी दिसले, तर दोष बहुधा हवेच्या प्रमाणात नसून थरात असतो. पातळ जागेतून हवा न जळता निसटते, जाड जागा उपाशी राहते. अशा वेळी पंखा वाढवला तर ती भोके आणखी मोठी होतात. आधी थर सारखा करावा, क्लिंकर (वितळून गोठलेल्या राखेची ढेकळे) काढावा.

ऑक्सिजन कुठे मोजला यावरही सारे अवलंबून आहे. भट्टीच्या तोंडाशी ५ टक्के असलेला ऑक्सिजन चिमणीच्या बुडाशी ९ टक्के दिसतो, कारण मधल्या फटींतून, राखेच्या दारांतून बाहेरची हवा ओढली जाते. हिशेबात जादा हवा ३१ वरून ७५ टक्क्यांवर जाते, पण तिचा ज्वलनाला काडीचा उपयोग नसतो. चिमणीजवळचे ९ पाहून कुणी डँपर आवळला तर प्रत्यक्षात भट्टीचीच हवा तुटते आणि काळा धूर सुरू होतो. दोन्ही ठिकाणी मोजा, फरक दिसला की फटी बुजवा.

राखेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. राखेत १० टक्के कार्बन उरला हे ऐकायला किरकोळ वाटते. वरच्या कोळशात किलोमागे २७५ ग्रॅम खनिज राख आहे, म्हणजे तिच्यासोबत ३० ग्रॅमहून जास्त कार्बन फेकला गेला: जवळजवळ २५० किलोकॅलरी, ५ टक्क्यांहून अधिक! राख ८ टक्केच असती तर तोच १० टक्क्यांचा आकडा सुमारे ७० किलोकॅलरींवर भागला असता. राखेचा नमुना तपासल्याशिवाय भट्टीची कार्यक्षमता सांगणे आम्हाला अप्रामाणिक वाटते.

लाकडाचे गणित वेगळे. कोरड्या लाकडात ऑक्सिजन ४३ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे किलोला सुमारे ६ किलोच हवा लागते. ३० टक्के ओल असेल तर ४.२ किलो. शिवाय त्याचा तीनचतुर्थांश भाग वायू होऊन जाळीच्या वर जळतो. सगळी हवा जाळीखालून दिली तर निखारे फुलतात आणि वरचा वायू तसाच निघून जातो. थराच्या वरून जोराने दुय्यम हवा सोडावीच लागते. ५० टक्के ओलीच्या लाकडाचा धूर कोरडा करून मोजल्यास ऑक्सिजन ६ टक्के दिसेल, तर वाफेसकट धुरातच बसवलेल्या झिरकोनिया ऑक्सिजनमापकावर तो ४.६ टक्के दिसेल. दोन्ही मापे बरोबर आहेत. वरचे भागाकाराचे सूत्र मात्र कोरड्या मापाचे आहे.

प्रयोगशाळेचा अहवाल वाचतानाही गफलत होते. हवेत वाळवलेल्या नमुन्यात ओल ५ टक्के आणि भट्टीत पडणाऱ्या कोळशात १५ टक्के, तर अहवालातले ओल सोडून बाकीचे सर्व आकडे, स्थूल उष्मांक मूल्यासह, ८५ भागिले ९५ ने गुणावे लागतात. ४,५०० किलोकॅलरींचे ४,०२६ होतात. ओलीतला हायड्रोजन अहवालात धरला आहे का, हेही विचारून घ्यावे. नाहीतर तो दोनदा मोजला जातो.

आपल्याला एक विनंती. कार्यक्षमतेचा आकडा छापताना तो स्थूल उष्मांकावर आहे की निव्वळ (वाफेतली उष्णता वजा केलेल्या), हे सोबत छापावे. ५० टक्के ओलीचे लाकूड जाळणारी एकच भट्टी पहिल्या हिशेबाने ६५ टक्के आणि दुसऱ्या हिशेबाने ८० टक्के कार्यक्षम ठरते, आणि जाहिरातीत ८० येते.

आपले,
भट्टी आणि बॉयलरच्या कामातील काही वाचक