जुना पूल न पाडता

म्युनिक

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

मोठा वीकेंड होता म्हणून ल्युब्लियानाला जाऊन आलो. स्लोव्हेनियाची राजधानी. सकाळी इथून गाडीत बसलं की साल्झबुर्ग, फिलाख करत, आल्प्सखालच्या लांबलचक बोगद्यातून दुपारी थेट तिथे उतरता येतं. शहर जेमतेम तीन लाखांचं, पण तिथे पावलोपावली तुझी आठवण आली. तू सध्या त्या जुन्या वाड्याच्या कामात आहेस आणि 'पाडून नवं बांधा' म्हणणाऱ्यांशी रोज भांडतोयस, म्हणून हे सगळं तुलाच सविस्तर लिहितोय.

गावाच्या मधोमध ल्युब्लियानित्सा नावाची नदी आहे, अरुंद आणि संथ. तिच्यावर १८४२ सालचा एक दगडी पूल होता. विसाव्या शतकात मोटारी, ट्राम, बस आल्या आणि तो पूल अपुरा पडायला लागला. आता अशा वेळी काय होतं ते तुला मी सांगायला नको. पण तिथे वास्तुकार योझे प्लेचनिक होता. त्यानं जुन्या पुलाला धक्का न लावता दोन्ही अंगांना चालणाऱ्यांसाठी एकेक नवा पूल घातला, किंचित तिरका. पलीकडच्या चौकाकडे जाताना हे तिन्ही पूल पंख्यासारखे फाकत जातात. १९३२ मध्ये काम पुरं झालं. जुन्या पुलाचे जुने कठडे काढून तिन्ही पुलांना एकाच घाटाचे, गोल बुटक्या खांबांचे कठडे बसवले, त्यामुळे कुठला पूल आधीचा आणि कुठला नंतरचा हे पटकन कळतही नाही. कडेच्या पुलांवरून पायऱ्या खाली पाण्याजवळच्या झाडांच्या ओळीपाशी उतरतात. मी तिथे बराच वेळ नुसता उभा होतो. २००७ पासून तर मधल्या पुलावरूनही गाड्या बंद आहेत. ज्या वाहनांपायी हा सगळा खटाटोप झाला ती गेली, आणि पूल माणसांकडे राहिला. हे मला फार भावलं.

हा प्लेचनिक त्याच गावचा, सुताराचा मुलगा, जन्म १८७२चा. व्हिएन्नात ओटो वाग्नरकडे शिकला, प्रागच्या किल्ल्याचं काम हाती घेतलं. एवढं नाव झाल्यावर १९२१ मध्ये शिकवायला म्हणून गावी परतला आणि १९५७ मध्ये जाईपर्यंत गावासाठी काही ना काही करत राहिला. नदीकाठचा बाजार त्याचा, मोच्यांचा पूल त्याचा, उद्यानातला रुंद रस्ता त्याचा, स्मशानभूमीचं प्रवेशद्वारसुद्धा त्याचंच. २०२१ मध्ये त्याची ही कामं जागतिक वारसा यादीत गेली. त्रनोवो भागातलं त्याचं घर आता संग्रहालय आहे. तिथे वाटाड्याबरोबरच आत सोडतात.

पण तू गेलास तर आधी ग्रंथालय बघ. १८९५च्या ईस्टरला तिथे मोठा भूकंप झाला, त्यात मोडकळीला आलेला एक महाल पुढे उतरवावा लागला. त्याच जागेवर १९३६ ते ४१ मध्ये प्लेचनिकनं राष्ट्रीय ग्रंथालय बांधलं. बाहेरची भिंत लाल विटांची, आणि तिच्यातून ओबडधोबड दगड मध्येच पुढे आलेले. त्यांत जुने, उत्खननातले दगडही आहेत. मी हात लावून पाहिला, एकाही ओळीत दगड ठरावीक अंतरावर नाही. दाराची मूठ म्हणजे पितळी रंगाचा घोड्याचा मुखवटा, लोकांच्या हातांनी घासून चकचकीत झालेला. आत शिरलं की काळसर दगडाचा अंधारा जिना. दोन्ही बाजूंना मिळून ३२ खांब. वर चढत जावं तसा उजेड वाढत जातो आणि माथ्यावर मोठ्या खिडकीशी वाचनालयाचं दार येतं. अवी, वाचायला येणाऱ्या माणसाबद्दल इतका आदर बाळगून बांधलेला जिना मी दुसरीकडे पाहिलेला नाही. १९४४ मध्ये एक विमान याच वाचनालयावर कोसळलं होतं आणि हजारो पुस्तकं जळाली. आज त्याच दालनात पोरं परीक्षेचा अभ्यास करतात.

बाकी मग किल्ला, ड्रॅगनचा पूल (१९०१चा, काँक्रीटचा, हिरव्या ड्रॅगनपाशी फोटोवाल्यांची झुंबड) हे सगळे बघतात, तूही बघशील. चौकात कवी फ्रान्त्से प्रेशेरेनचा पुतळा आहे. समोरच्या गल्लीतल्या एका घराच्या भिंतीवर यूलियाचं शिल्प आहे. तिच्यावर त्याचं प्रेम होतं, ते कधी जुळलं नाही. पुतळ्याची नजर थेट तिकडेच लावली आहे. राजधानीच्या मुख्य चौकात सेनापती नाही, कवी आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

खायचं म्हणशील तर चीज भरून गुंडाळलेली, उकडलेली श्ट्रुक्ली आणि पोतित्सा, म्हणजे अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेला गोड पाव. तुला दोन्ही चालेल.

पुलाचे कठडे, पायऱ्या आणि विटांच्या भिंतीतले सांधे यांचे बारकाईनं फोटो काढलेत, वेगळे पाठवतो. वाड्याच्या मालकांना पुलाचे दोन फोटो जरूर दाखव, आधीचा आणि नंतरचा. शब्दांपेक्षा ते लवकर पटतील. आणि पुढच्या मे महिन्यात तू येणार असशील तर आत्ताच कळव, म्हणजे मी रजा टाकतो आणि म्युनिकहून आपण बरोबरच जाऊ.

काकूंना नमस्कार. ओजसला खूप खूप आशीर्वाद.

तुझा,
शिरीष