चि. मनूस पत्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू जाऊन आज बारा दिवस झाले. विमानतळावर पाया पडलीस, पण वर बघितलं नाहीस आणि खोकत खोकतच आत गेलीस. खोकल्याचं पत्रात काढणार नाही, असं आईला कबूल केलंय. फोनवर आपण दोघं नुसतं हवामान बोलतो, म्हणून लिहायला बसलो.

तू मागे फोटो पाठवला होतास ना, बॉस्टनच्या रस्त्यातल्या गोल दगडी खुणेचा? 5 मार्च 1770 ला इंग्रज सैनिकांच्या गोळीबारात पाच माणसं गेली ती जागा. तेव्हा मी नुसता अंगठा पाठवला. आता वाचनालयातून पुस्तक आणलंय. तलाठ्याची उभी नोकरी वसुलीत गेली, त्यामुळे कराचं प्रकरण आलं की मला झोप येत नाही.

फ्रान्सबरोबरचं युद्ध 1763 ला संपलं आणि इंग्लंडच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला. ग्रेनव्हिल या पंतप्रधानाचा हिशेब सरळ होता : लढलो अमेरिकेतल्या वसाहतींसाठी, तर थोडा भार त्यांनीही उचलावा. 1765 ला स्टँपचा कायदा आला. दस्तऐवज, वर्तमानपत्रं, खेळायचे पत्ते, सगळ्याला स्टँप. (त्याच साली ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करायचा हक्क, मिळाला. एकाच वर्षात दोन टोकांना वसुली!) तसं बघितलं तर खुद्द इंग्लंडातली माणसं याहून कितीतरी जास्त कर भरत होती. तरी बॉस्टनमध्ये स्टँपवाल्या अधिकाऱ्याचा पुतळा झाडाला टांगला आणि त्याच्याकडून राजीनामा घेतला. आमचा एकही माणूस तुमच्या पार्लमेंटात नाही, मग आमच्या खिशात हात घालणारे तुम्ही कोण, एवढंच त्यांचं म्हणणं.

या कायद्यावर चर्चा चालू असताना टाउनशेंड नावाचा सभासद म्हणाला, ही आमचीच लेकरं, आम्ही रुजवली, आम्ही लाडाने वाढवली, आणि आता हातभार लावायला कुरकुर करतात? त्यावर बॅरे उठला. क्वेबेकच्या लढाईत तोंडावर जखम झालेला माणूस. तुम्ही रुजवली? तुमच्या जाचाला कंटाळून ती तिकडे गेली, असं त्याने सुनावलं.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून अंगणात जाऊन बसलो. तुझ्या खात्यातून दादाच्या गिरणीच्या हप्त्याला बारा हजार काढले, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "पैशाचं नाही बाबा, विचारलं का नाही?" आणि मी काय बोललो? तुझ्या फीसाठी ओढ्याकाठचा तुकडा विकला ते काढलं. सुमनआत्यासमोर काढलं. टाउनशेंडला निदान मुलगी समोर रडताना दिसत नव्हती.

पुढचं तर आणखी झोंबलं. 1766 ला त्यांनी स्टँपचा कायदा मागे घेतला, पण त्याच दिवशी दुसरा कायदा करून ठेवला की तुमच्यावर हवा तो कायदा लादायचा हक्क आमचाच. मीही "भरतो परत" म्हणालो आणि वर जोडलंच, "बापाला एवढाही हक्क नाही का?"

शंकरमामाच्या वाडीत एक म्हातारा होता, आठवतो? तू माझ्या सायकलवर पुढे बसून यायचीस, तो तुला बोरं द्यायचा. माझ्या आधीच्या तलाठ्याने त्याचा सारा न सांगता पावणेदोन रुपयांनी वाढवून लिहिला होता. त्या पावणेदोन रुपयांसाठी तो तालुक्याला तीन हेलपाटे घालून आला. एस.टी.लाच त्याचे त्याहून जास्त गेले. सगळं कार्यालय हसलं, मीही हसलो. तू तेव्हा एवढीशी होतीस, पण त्याची पिशवी धरून उभी राहिलीस. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी.

चहाचं तुला माहीत असेलच. स्टँपनंतर लावलेल्या नव्या करांतले बाकीचे उठवले, पण हक्क दाखवायला चहावर पौंडामागे तीन पेन्स ठेवलेच. कंपनी बुडायला आलेली, म्हणून 1773 च्या कायद्याने तिला सवलत दिली. चहा उलट स्वस्त होणार होता! तरी 16 डिसेंबरच्या रात्री बॉस्टनच्या लोकांनी चहाच्या 342 पेट्या बंदरात फेकल्या. मग बंदर बंद, मग लष्कर, एप्रिल 1775 ला लेक्सिंग्टनला गोळी सुटली आणि पुढच्या वर्षी 4 जुलैचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. स्वातंत्र्य म्हणणाऱ्यांच्या घरी गुलाम राबत होते, तेही लिहिलंय. अर्थात त्यांना कोण विचारणार. यॉर्कटाउनला 1781 मध्ये हरलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे येऊन बंगालचा कायमधारा ठरवून गेला. तिकडे हात पोळले, तरी वसुली काही सुटली नाही.

तू तिथे एकटी राहतेस, थंडीत उशिरा येतेस, गळ्याला काही गुंडाळत नाहीस. बघ, निघालंच. नुसता खोकला असेल तर ठीक, पण पंधरा दिवसांवर गेला तर डॉक्टरला दाखवायचं असतं. नानांचं असंच अंगावर काढत काढत झालं. राहू दे, परत व्याख्यान नको. चुकलो. चूक पैसे काढण्यातही होती आणि त्यानंतर बोललो त्यात जास्त होती. तू तुझ्या पायावर उभी आहेस, हे गावभर मीच सांगत असतो. तुलाच सांगितलं नाही.

बँकेतून तुझ्या खात्यावरचं माझं नाव काढायचा अर्ज आणलाय. माझी सही केली आहे, तुझीही लागते. सोबत ठेवतोय. सही करायची की नाही, तुझं तू बघ. बारा हजार सोमवारी भरले.

आईने निळ्या झाकणाच्या डबीत ज्येष्ठमध दिलाय, बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात. उघडली नसशील.

तुझे,
बाबा