पैसे माझ्याच नावावर येऊ द्या, बाबा

अबुधाबी

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "सगळे पैसे माझ्या खात्यावर टाकून दे, इथलं मी बघतो." मी तेव्हा वॉर्डात होते, मागे गडबड चालली होती, धड उत्तर देता आलं नाही. पैशांचं बोलणं असं अर्धवट राहिलं की दोन्हीकडे मनात काहीबाही येतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आईला वाचून दाखवा. दादालाही द्या वाचायला.

साठवलेली रक्कम तुमच्या खात्यावर पाठवायची नाही, असं मी ठरवलं आहे. तुमच्यावर विश्वास नाही असं कृपा करून मनात आणू नका. तुम्ही पै-पैचा हिशोब ठेवता हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. पण पैसा ज्याच्या नावावर जातो, कायद्याने तो त्याचाच होतो. मी तुमच्या खात्यात रक्कम टाकली की ती मी तुम्हाला दिलेली भेट ठरते. मुलीने वडिलांना दिलेल्या भेटीवर कर नाही, हे खरं. पण त्या रकमेवर पुढे मिळणारं व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जाणार आणि पेन्शनच्या जोडीला तो कर तुमच्या अंगावर येणार. शिवाय उद्या घर घ्यायची वेळ आली की तेच पैसे मी तुमच्याकडून परत मागायचे. आणि पुढेमागे वाटणीचा विषय निघालाच, तर यातले बाबांचे किती आणि मंजूचे किती, हे दादाने कुठून सांगायचं? त्याला त्या पेचात टाकायची माझी अजिबात इच्छा नाही. घरखर्चाचे पैसे दर महिन्याला तुमच्या खात्यात येतात, ते तसेच येत राहतील. ते तुमचेच आहेत. त्यांचा हिशोब मी कधी विचारला नाही, विचारणारही नाही.

बाकीची रक्कम माझ्या एनआरई खात्यात, म्हणजे परदेशात राहणाऱ्या (अनिवासी) भारतीयांच्या बाहेरच्या कमाईसाठी असलेल्या बँक खात्यात येईल. हे खातं रुपयांत असतं. बाहेर कमावलेला पैसा त्यात येतो आणि लागला तर कुठल्याही मर्यादेशिवाय पुन्हा बाहेर नेता येतो. मी अनिवासी आहे तोवर त्यावरच्या व्याजाला भारतात कर नाही. एकच लक्षात असू द्या, फ्लॅटचं भाडं मी या खात्यात घेत नाही. भारतातलं उत्पन्न सहसा एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या इथल्या उत्पन्नासाठीच्या खात्यात जातं. माझं नोकरीच्या आधीचं जुनं बचत खातं मागच्या सुट्टीत एनआरओ करून घेतलं, ते यासाठीच. त्यातल्या व्याजावर बँक 30 टक्के आणि वर उपकर असा कर आधीच कापते, म्हणून त्यात लागेल तेवढंच ठेवायचं.

तुमची काळजी मला कळते. माझ्या जिवाला काही झालं तर पैसे अडकतील, हेच तुमच्या मनात आहे ना? एनआरई खात्यात जवळच्या नातेवाइकाचं नाव जोडता येतं. मी आहे तोवर खातं माझं, माझ्यामागे तुमचं, अशी ती पद्धत आहे. मुखत्यारपत्र दिलं की मी इकडे असतानाही तुम्ही तिथले व्यवहार करू शकता. म्हणजे लागेल तेव्हा पैसे तुमच्या हाताशी राहतील आणि नावाचा घोळही होणार नाही.

आता पाठवायचं कसं, यावर मी बरीच डोकेफोड केली आहे. इथे एक्स्चेंजच्या, म्हणजे दिरहम (इथलं चलन) घेऊन गावी रुपये पाठवणाऱ्या दुकानाच्या, काउंटरवर लाल आकड्यांचा बोर्ड असतो आणि खाली लिहिलेलं असतं, शुल्क नाही. शुल्क नसेल, पण कमाई दरात दडलेली असते. एका दिरहमला 20 पैसे कमी दिले, तर 1 लाख दिरहमवर 20 हजार रुपये गेले. पन्नास-शंभर दिरहमच्या शुल्कावर घासाघीस करणारी माणसं तिथेच उभी राहून हे 20 हजार सोडून जातात, ते बघून मला फार वाईट वाटतं. त्यात कितीतरी जण बांधकामावर उन्हात राबणारे असतात. म्हणून मी विचारते एवढंच, की मी अमुक दिरहम दिले तर खात्यात रुपये नक्की किती पडतील? दोन-तीन ठिकाणी हा एकच प्रश्न विचारला की कुणाचा दर खरा ते कळतं.

बँकेतून पाठवताना फॉर्मवर एक रकाना असतो, शुल्क कोणी सोसायचं याचा. माझी बँक आणि आपली बँक यांच्यामध्ये आणखी एखादी बँक असते. तो रकाना नीट भरला नाही तर ती आपलं शुल्क रकमेतूनच कापून घेते. दिरहमचे रुपये आपल्याकडच्या बँकेने केले तर त्यावर जीएसटीही लागतो, पण तो पूर्ण रकमेवर नसतो. 24 लाख रुपयांना साधारण साडेबाराशे रुपये होतात, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. आणि स्वतःची बचत स्वतःच्या खात्यात आणणं हे उत्पन्न नव्हे, त्यावर आयकर नाही. शेजारच्या काकांनी तुम्हाला जे काही सांगितलं ते मनातून काढून टाका.

नावाचंही बघून घेतलं आहे. इथे पासपोर्टप्रमाणे आधी माझं नाव, मग तुमचं, मग आडनाव. आपल्या पासबुकात आडनाव पहिलं. एवढ्याशा फरकावरूनही रक्कम अडकते किंवा परत फिरते. म्हणून आधी हजार दिरहम पाठवून पाहिले आणि ते व्यवस्थित जमा झाले. मोठी रक्कम त्याच वाटेने, पण टप्प्याटप्प्याने पाठवीन.

दर वाढेल म्हणून थांबावं का, असं दादाने विचारलं होतं. दिरहम डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर-रुपयाचा भाव पाहिला की आपलं काम झालं. तो उद्या कुठे जाईल हे कोणीच सांगू शकत नाही आणि त्यावर पैज लावायची माझी तयारी नाही. त्यापेक्षा काही भाग रुपयांत आणते आणि काही भाग एफसीएनआर ठेवीत, म्हणजे अनिवासींसाठीच्या परकीय चलनातल्या मुदत ठेवीत, डॉलरमध्येच ठेवते. ही ठेव 1 ते 5 वर्षांची असते आणि मुदत संपल्यावर डॉलरच मिळतात. कायमची परत आले तरी ती मुदतीपर्यंत चालू ठेवता येते.

आता दादाच्या ओळखीच्या माणसाबद्दल. तो इथे दिरहम घेतो, तिथे घरपोच रोख देतो आणि दरही थोडा चढा देतो. दादाचा हेतू चांगला आहे, मला माहीत आहे. पण बाबा, ती हवाला आहे. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, त्याला रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो माणूस दारात आणून देतो ते पैसे कुणाचे, हे आपल्याला कळायला मार्गच नाही. कुणा म्हाताऱ्याला फसवून काढलेले असले तर? ती रोख आपण बँकेत भरली आणि पोलिसांनी खातं गोठवलं, तर मधल्या माणसाला कोणी शोधत बसत नाही, ज्याच्या खात्यात पैसे निघाले त्याच्याकडे येतात. मी रात्रपाळ्या करून, सणवार सोडून हे पैसे मिळवले आहेत. त्यांच्या प्रत्येक रुपयाला कागद असला पाहिजे. घर घेताना पैसे कुठून आले असं कोणी विचारलं तर बँकेची पावती पुढे ठेवता आली पाहिजे. दादाला हे माझ्या वतीने शांतपणे सांगा, रागावू नका त्याच्यावर.

पतसंस्थेचंही तसंच. तिथे एक टक्का जास्त मिळतो म्हणालात. अनिवासी ठेव पतसंस्थेला घेताच येत नाही. आणि बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण असतं, व्याज धरून, ते पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. तुमची स्वतःची ठेव तिथे आहे, तिची मुदत संपली की तीही बँकेत आणा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या रुपयांतल्या ठेवीही मी एकाच बँकेत न ठेवता वाटून ठेवणार आहे.

इथलं खातं मात्र इतक्यात बंद करणार नाही. नोकरी सोडल्यावर ग्रॅच्युइटी मिळते, पहिल्या 5 वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांचा. ती याच खात्यात येईल. त्याआधी क्रेडिट कार्ड बंद करून बँकेकडून काही देणं नसल्याचं पत्र घ्यायचं आहे, कारण थकबाकी दिसली तर शेवटचा पगारही बँक अडवू शकते. बाहेर राहून कमावलेला पैसा परतल्यावरही बाहेर ठेवायला भारताचा कायदा परवानगी देतो, तेव्हा घाईने सगळं उचलायचं कारण नाही. कायमची आले की एनआरई खातं साधं करून घ्यावं लागेल किंवा पैसे आरएफसी खात्यात, म्हणजे परत आलेल्यांच्या परकीय चलनाच्या खात्यात, वळवावे लागतील. ते मी आल्यावर सीएंना भेटून करेन.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. तुमच्या पॅन आणि आधारच्या प्रती, बँकेत जाऊन नाव जोडायच्या फॉर्मवर तुमची सही, आणि मुखत्यारपत्राचा मसुदा वकिलांकडून वाचून घेणं. मसुदा दादाच्या मोबाईलवर पाठवते आहे. बँकेत गर्दीच्या वेळी जाऊ नका, दादाला बरोबर न्या.

आईला नमस्कार. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळवा.

तुमची,
मंजू