अपंगांच्या लैंगिकतेचा अभ्यास मराठीतही हवा

संपादक महोदय,

‘सेक्शुअ‍ॅलिटी अँड डिसॅबिलिटी’ हे इंग्रजी संशोधन-नियतकालिक १९७८ पासून निघते. आरंभी असे लेखन बहुधा मज्जारज्जूच्या दुखापतीसारख्या वैद्यकीय अडचणींभोवती फिरे. पुढे संमती, सहजीवन, मातृत्व हे प्रश्न त्यात आले आणि अपंग अभ्यासक स्वतः लिहू लागले, हे मला अधिक मोलाचे वाटते. आपल्याकडे १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद (शब्द तेव्हाचा) मुलींची गर्भाशये पुण्यात काढली गेली, तेव्हा मोठा वाद झाला. पण त्या मुलींचे म्हणणे कोणी नोंदवले? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रजनन व कुटुंबनियोजनाची माहिती अपंगांना मिळवून देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. त्यासाठी लागणारे मराठी संशोधनलेखन विद्यापीठांनी हाती घ्यावे.

– एक वाचक, पुणे