मुनाऱ्याच्या अलीकडे की पलीकडे? वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री, मध्य प्रदेश शासन, यांस
स.न.वि.वि.

मी इंदूरच्या रामबागेत वाढले. गेल्या उन्हाळ्यात शहराबाहेरच्या एका टेकडीवर धूर दिसला. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तीच आग गवतात शिरली होती. मी वन खात्याला फोन लावला. उत्तर आलं, "मुनाऱ्याच्या अलीकडे असेल तर आमचं, पलीकडे महसूलचं."

मुनारा म्हणजे वनहद्दीची खूण असलेला, चुना लावलेला खांब. मी तो शोधत फिरले. सापडला तो घाणेरीच्या झुडपात, चुना उडालेला. तोवर एक वनरक्षक मोटारसायकल टाकून धावत आला, त्याने पळसाची हिरवी फांदी मोडली आणि एकट्यानेच आग झोडपायला लागला. मुनारा कुठे आहे, हे त्याने विचारलंही नाही. त्याच्या पायांत साध्या चपला होत्या.

वनवृत्त, वनमंडल, परिक्षेत्र आणि शेवटी एका वनरक्षकाकडचं बीट, ही वन खात्याची विभागणी हवीच. इंदूरजवळच्या चोरलच्या घाटातल्या सागाला जे लागतं, ते रालामंडलला लागत नाही. रालामंडल १९८९ पासून अभयारण्य आहे, पण अडीच चौरस किलोमीटरही भरत नाही. माथ्यावर होळकरांची शिकारगाह आणि खाली वाढत चाललेलं शहर. इंदूरचा सिरपूर तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला, त्याची देखभाल महापालिकेकडे. खातं वेगळं असायला माझी हरकत नाही. पण हद्द फक्त कार्यालयातल्या नकाशावर असते आणि आग लागली की ती गावकऱ्याने ओळखायची, हे मला पटत नाही.

प्रत्येक वनमंडलाची दहा वर्षांची कार्य आयोजना, म्हणजे जंगलाच्या कामांचा आराखडा असतो. तो जाडजूड ग्रंथ गावात कोण वाचणार? त्यातला आपल्या बीटपुरता भाग एका पानावर, सोप्या हिंदीत, नकाशासह पंचायतीच्या भिंतीवर लावा. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, कुठे आणि कधी काढायची, वनरक्षकाचा फोन कोणता, पलीकडची जमीन कोणाची, एवढं त्यात असू द्या. मुनाऱ्यांना चुना लावा, वनरक्षकांना बूट द्या. आणि ज्याने पहिला फोन उचलला, त्यानेच आग विझेपर्यंत ती जबाबदारी घ्यावी, हद्दीचा हिशेब नंतर करावा, असा लेखी आदेश काढा.

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. हे त्याआधी व्हावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
इंदूरची एक रहिवासी