राजदूत बाई असली तरी राजदूतच

प्रति,
माननीय परराष्ट्र मंत्री, भारत सरकार

सादर नमस्कार.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. परवा लिंगबदलाच्या तक्त्यात एक मुलगी अडली. पोएट-पोएटेस झालं, पुढे ॲम्बॅसॅडर-ॲम्बॅसॅड्रेस आलं. कागलकडून रोज एसटीने येणाऱ्या या मुलीला परराष्ट्र सेवेत जायचं आहे. तिने शब्दकोश उघडला, तर त्या शब्दाचा एक अर्थ निघाला 'राजदूताची पत्नी'. "मॅडम, मग मी राजदूत झाले तर मला काय म्हणतील?"

आमच्या गावाकडे पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. ॲम्बॅसॅड्रेस त्याच जातीचा शब्द, पद नवऱ्याचं आणि नाव तिला.

हा विचार नुसता शब्दकोशात नव्हता. सी. बी. मुथम्मा 1949 साली परराष्ट्र सेवेत आल्या, त्या सेवेतल्या पहिल्या महिला. लग्न केलं तर राजीनामा देईन, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. पुढे 1970 मध्ये त्या हंगेरीत राजदूत झाल्या. बढती नाकारली म्हणून त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1979 साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी सेवेच्या या नियमांवर कडक ताशेरे ओढले. हे वाचताना आजही माझा जीव कळवळतो.

शब्द बदलायला आपल्याच हंसा मेहतांनी, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगातल्या भारताच्या प्रतिनिधींनी, जगाला लावलं. मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्यात 'ऑल मेन' जाऊन 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं ते त्यांच्या आग्रहामुळे.

मराठीत 'राजदूत' शब्दाला ही अडचणच येत नाही. 'राजदूत आल्या' म्हटलं की क्रियापदच सगळं सांगतं. इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही, नामाला मात्र प्रत्यय जोडत बसले. त्या प्रत्ययाची गरज नाही, आणि 'लेडी ॲम्बॅसॅडर'चीही नाही.

माझी मागणी अशी. आपल्या मंत्रालयाने एक परिपत्रक काढावं: पत्रव्यवहारात, निमंत्रणांत, प्रसिद्धिपत्रकांत पद एकच, ॲम्बॅसॅडर. पती असो वा पत्नी, दोघांना स्पाउस. 'चेअरमन', 'स्पोक्समन' यांच्या जागी 'चेअरपर्सन', 'स्पोक्सपर्सन' यावेत. आणि शाळांच्या व्याकरणातून ॲम्बॅसॅडर-ॲम्बॅसॅड्रेस ही जोडी गाळावी, असं शिक्षण मंत्रालयाला कळवावं.

त्या मुलीला मी सध्या तक्त्यातली ती ओळ खोडायला सांगितली आहे.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका, कोल्हापूर