पाणंदीवर मुरूम टाका, काँक्रीट नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाणंद रस्त्यांच्या, म्हणजे गावातून शेतांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटांच्या, बातम्या आपल्या पेपरात सध्या वरचेवर येतायत, कुठे अतिक्रमण काढलं, कुठे वर्षानुवर्षं अडवलेला रस्ता मोकळा झाला, आणि मी त्या सगळ्या आवर्जून वाचतो. मी शेतकरी नाही, पुण्यात नोकरी करतो, पण माझे बरेचसे रविवार याच रस्त्यांवर जातात कारण मी ग्रॅव्हल बाईक चालवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, रोड बाईकसारखं खाली वळलेलं हँडल पण टायर जाड, ४० मिमीच्या आसपास, त्यामुळे खडी, मुरूम, माती सगळ्यावर ही सायकल निवांत चालते. आणि अशी महागडी सायकलच पाहिजे असंही काही नाही, जाड टायरची कुठलीही साधी सायकल चालते, आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक तेच करतात.

आता मुद्दा. पुण्याच्या आसपास हायवेवर सायकल चालवणं म्हणजे जीव मुठीत धरणं झालंय. दिवे घाटात मागून डंपर हॉर्न मारत येतो तेव्हा बाजूला व्हायला जागाच नसते, रस्ता रुंद केला की गाड्यांचा स्पीडही तेवढाच वाढतो, सायकलवाला आहे तिथेच, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर. सायकलसाठी वेगळे ट्रॅक बांधा म्हणून आपण ओरडतो, पण खेड्यापाड्यांत पाणंदींचं असं एक अख्खं जाळं आयतं पडलंय आणि त्याच्याकडे सायकलचा रस्ता म्हणून कोणी बघितलेलंच नाही.

पुरंदर तालुक्याचंच घ्या. सासवडला कऱ्हा आणि चांबळीच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे, तिथून सोनोरी जवळच. गाव छोटं, पण पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांचा वाडा इथला, आणि गावाच्या डोक्यावर मल्हारगड, १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधलेला, मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांतला हा शेवटचा म्हणतात. वर महादेव आणि खंडोबाची दोन देवळं शेजारी शेजारी. डांबरी सोडून शिवारात शिरलात की दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा पट्टा, एका बाजूला अंजीर, दुसऱ्या बाजूला सीताफळ, बांधावर बोरी-बाभळी. (पुरंदरच्या अंजिराला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, सीझनमध्ये बांधावरच विकत घेऊन खा, बाजारात ती चव नाही.) पूर्वेला भुलेश्वरची डोंगररांग धरून जात राहिलं की माळशिरसच्या डोंगरावर भुलेश्वराचं यादवकालीन मंदिर लागतं, बाहेरून साधं वाटतं, आत गेलं की भिंतीवरचं कोरीवकाम बघत तास कसा जातो कळत नाही. या कच्च्या वाटांवर भेटतं कोण तर एखादा ट्रॅक्टर, दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल, नाहीतर धनगराची मेंढरं. तुम्हाला शांतता पाहिजे असेल तर ती इथे आहे, पुण्यापासून दीड-दोन तासांवर.

आणि या वाटा कोणाच्या मेहरबानीच्या नाहीत. गावनकाशा काढून बघा, दोन तुटक रेषांनी दाखवलेला गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट रुंद, एका तुटक रेषेचा पाऊलमार्ग, सव्वाआठ फूट. रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार तो मोकळा करून देऊ शकतात. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीतून कामं सुरू झाली, २०२५ ला तर शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यायचं ठरलं. हे सगळं चांगलंच आहे आणि शेतकऱ्यासाठीच आहे, ते तसंच राहिलं पाहिजे.

माझी काळजी त्याच्या पुढची आहे. पाणंद मोकळी झाली, खडी-मुरूम पडला, रोलर फिरला, इथपर्यंत उत्तम. पण मग कुठल्यातरी दुसऱ्या निधीतून त्यावर काँक्रीट चढतं, नाहीतर पेव्हर ब्लॉक. आमच्या नेहमीच्या रूटवर एका गावात (नाव देत नाही) हेच झालं. आधी लोक खूश होते, पण गुळगुळीत रस्ता झाल्याबरोबर तो शॉर्टकट झाला, हायवेला ट्रॅफिक तुंबलं की गाड्या तिथून वळायला लागल्या, मग एनए (बिगरशेती) प्लॉटचे बोर्ड लागले, मग वाळू-खडीचे डंपर. आता त्या गावातल्या एक आजी शेरडं घेऊन रानात जातात त्या रस्ता सोडून बांधावरून चालतात. मला म्हणाल्या, "आरं लेकरा, आमच्याच रस्त्यानं आमाला भ्या वाटतंय बघ." यावर काय बोलणार.

पुण्यात बसून हा माणूस शेतकऱ्याला चिखलातच ठेवायला निघालाय असं कोणी म्हणेल, तर तसं अजिबात नाही. पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर रुतला की काय हाल होतात, तोडलेला माल डोक्यावरून वाहून आणावा लागतो, ते मी बघितलंय. बारमाही रस्ता हा त्यांचा हक्कच आहे. पण बारमाही म्हणजे काँक्रीटच असं कोणी सांगितलं? खाली नीट खडीकरण, वर चांगला मुरूम, मधे थोडा उंच आणि कडेला उतार, दोन्ही बाजूला चर आणि ओढ्यावर मोरी, एवढं मनापासून केलं तर मुरमाचा रस्ता पावसात टिकतो. बिघडतो तो पाणी रस्त्यावरून वाहिल्यामुळे. कडेचा चर बुजला की दोन पावसांत रस्त्याचा ओढा होतो आणि मग सगळे म्हणतात बघा मुरूम टिकत नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी चर काढणं आणि नंतर खड्ड्यात मुरूम भरून दाबणं, हे गावातच होणारं काम आहे, त्याला बाहेरचा मोठा ठेकेदार लागत नाही. काँक्रीट फुटलं की मात्र पुढच्या निधीची वाट बघत बसायचं.

इटलीत सिएनाच्या आसपासच्या टेकड्यांमध्ये हाच प्रश्न आला होता. तिथले पांढऱ्या मातीचे जुने रस्ते एकेक करून डांबराखाली चालले होते, म्हणून १९९७ ला गायोले नावाच्या छोट्या गावातून काही लोकांनी जुन्या सायकली घेऊन एक राईड काढली, लेरोइका तिचं नाव. पहिल्या वर्षी ९२ जण होते. आज तिथे २०९ किलोमीटरचा बोर्ड लावलेला कायमचा रूट आहे, वर्षभर कोणीही जाऊन चालवावा, आणि २००७ पासून त्याच रस्त्यांवर प्रोफेशनल रेस होते जी सिएनाच्या मुख्य चौकात संपते. तिथे शेती बंद पडली नाही, द्राक्षबागा आहेत तशाच आहेत, शिवाय जुन्या गावांमधली घरं, खानावळी सायकलवाल्यांवर चालतात. आपल्याकडे जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय रेस, खूप अभिमान वाटला, रस्त्याच्या कडेला शाळेची पोरं झेंडे घेऊन उभी होती. पण ती डांबरी रस्त्यांवरची रेस. ती बघून ज्या पोराला सायकल चालवावीशी वाटली त्यानं रोज कुठे चालवायची, याचं उत्तर पाणंदीत आहे.

यात फार पैसाही लागत नाही. प्रत्येक फाट्यावर एक छोटा बोर्ड, पुढचं गाव किती किलोमीटर, पाणी कुठे मिळेल, देऊळ-वाडा-गड कुठल्या बाजूला. रस्त्याच्या तोंडाला दोन दगड असे रोवायचे की ट्रॅक्टर, बैलगाडी आरामात जाईल पण डंपर अडेल. गावातल्या बचत गटानं रविवारी सकाळी पिठलं-भाकरी ठेवली तर आम्ही आनंदानं पैसे देऊन खाऊ, शहरातल्या कॅफेत देतो तेवढे देऊ.

सायकलवाल्यांनाही सांगणं आहे. ती वाट आधी शेतकऱ्याची आहे. मेंढरं, बैलगाडी समोर आली की खाली उतरा. फळाला न विचारता हात लावू नका, एनर्जी जेलची पाकिटं बांधावर टाकू नका, ओल्या रानातून सायकल घालून सरी मोडू नका. आणि कुंपणाला लावलेल्या बाभळीच्या फांद्यांचे काटे वाटेवर पडतात त्यावरून चिडू नका, टायर ट्यूबलेस करून आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) भरा, काटा घुसला तरी तो लगेच उपटायचा नाही, घरी येऊन काढायचा.

पावसाळा संपला की पाणंदीच्या कामांचे प्रस्ताव निघतील. पुरंदर, भोर, जुन्नर, वाई या भागातल्या ग्रामपंचायतींना माझी हात जोडून विनंती आहे, ज्या पाणंदीवर वस्ती नाही, फक्त शेती आहे, तिथे खडीकरण आणि मुरूम एवढ्यावरच थांबायचा ठराव ग्रामसभेत घ्या आणि चर, मोऱ्यांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरा. आपल्या वार्ताहरांनीही काम झालेल्या पाणंदी दोन पावसाळ्यांनंतर परत जाऊन बघाव्यात आणि त्यांची काय अवस्था आहे ते छापावं.

आपला,
एक सायकलवाला वाचक, पुणे